गावाशेजारी लष्करी धावपट्टी येणार म्हणतात: हरकत कशावर, कुठे आणि कधी घ्यायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर ग्वाल्हेरला लष्करात (आपल्या पेठेतले लष्कर, फौजेचे नव्हे), वडिलोपार्जित शेती चाळीसेक किलोमीटरवरच्या गावात, कसायला बटाईवर (पिकाच्या वाट्यावर) दिलेली. महिन्याभरापासून गावात बोलले जाते आहे की हवाई दलाची नवी धावपट्टी इथे होणार. ड्रोन फिरून गेला, पटवारी (तलाठी) खसरा नंबर (शेताचा सर्व्हे नंबर) विचारत हिंडतो आहे. पंचायतीत धरणे द्यायचे ठरले. काही जण म्हणतात, फौजेला विरोध केलात तर देशद्रोही ठराल. बडोद्याचे मामा म्हणतात, संरक्षणाच्या कामाला सुनावणीच नसते, वेळ घालवू नका. शिवाय गावातल्या देवळाची माफीची (सारा माफ असलेली) जमीन आहे आणि पूजा काका करतात. आता नेमके काय करावे?

आधी एक गोष्ट बाजूला काढू. ‘विरोध’ या एका शब्दाखाली तुमच्या गावात निदान तीन वेगळी भांडणे चालू आहेत. तळ हवाच का, हे पहिले. इथेच का आणि एवढ्याच जागेवर का, हे दुसरे. येणारच असेल तर कोणाला काय मिळणार आणि कोणावर कोणते निर्बंध येणार, हे तिसरे. पहिल्या प्रश्नावर गावाने कितीही जोर लावला तरी कलेक्टरच्या टेबलावर त्याला वजन नसते. देशाला धावपट्टी हवी की नको हे ठरवणे त्याच्या अखत्यारीतच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला मात्र कायद्यातच जागा करून ठेवलेली आहे आणि तिथे कागद हलतो. देशद्रोहाची भीतीही पहिल्या प्रश्नापुरतीच असते. ‘तळ करा, पण दुपिकी जमिनीतून धावपट्टीची रेघ दीड किलोमीटर सरकवा’ असे लिहिणाऱ्याला देशद्रोही म्हणणे कोणालाही जड जाते.

मामांचे म्हणणे खोटे नाही, फक्त ते गुजरातचे आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा (आपल्या इथल्या कागदांवर ‘भू-अर्जन’) १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. गुजरातने २०१६ मध्ये त्यात राज्यापुरती दुरुस्ती करून संरक्षणासह काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट देण्याची सोय केली. मध्य प्रदेशात मूळ केंद्रीय कायद्याचा रस्ता आहे. म्हणजे आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास (हिंदी कागदात ‘सामाजिक समाघात निर्धारण’ असे लिहिलेले असेल), त्यात गावात जाहीर सुनावणी, मग तज्ज्ञ गटाचे मत, मग कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना, तिच्यावर हरकती, कलम १९ ची घोषणा आणि शेवटी निवाडा. सरकार स्वतःच्या उपयोगासाठी जमीन घेते तेव्हा ७० किंवा ८० टक्के मालकांच्या संमतीची अट लागू होत नाही. ती भागीदारीच्या आणि खासगी कंपनीच्या प्रकल्पांना आहे. म्हणून ‘आम्ही संमतीच दिली नाही’ एवढ्यावर विसंबू नका. गाव अनुसूचित क्षेत्रात असते, जसे इंदूरच्या पलीकडे झाबुआ-अलीराजपूरकडे, तर कलम ४१ खाली ग्रामसभेची आधी संमती लागली असती. ग्वाल्हेर जिल्हा त्यात येत नाही.

पर्यावरणाच्या सुनावणीबाबत मात्र मामा बरोबर आहेत. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत राष्ट्रीय संरक्षण व सुरक्षेच्या प्रकल्पांना लोकसुनावणीतून सूट आहे. त्यामुळे तुमचे म्हणणे मांडायला जागा दोनच उरतात: सामाजिक अभ्यासाची सुनावणी आणि कलम १५ ची हरकत. त्या दोन्ही वाया घालवल्या की मग फक्त हायकोर्टाचे खंडपीठ, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो की हरकत वेळेत का घेतली नाही.

सगळे ज्यावर अवलंबून आहे ती एक गोष्ट म्हणजे कलम ४०, तातडीचे. सरकारने ते लावले तर अभ्यासही टळू शकतो आणि हरकतीही. पण तेच कलम म्हणते की देशाच्या संरक्षणासाठी, राष्ट्रीय सुरक्षेसाठी किंवा नैसर्गिक आपत्तीसाठी, आणि तेही लागेल तेवढ्या किमान क्षेत्रापुरतेच. शब्द ‘किमान क्षेत्र’. हवाई तळ ही काही रातोरात सुचणारी गोष्ट नाही. आधी अधिकाऱ्यांचे मंडळ जागा पाहून जाते, मग खर्चाचा अंदाज होतो, मग मंजुरी, आणि यात वर्षे जातात. नियोजनात सवडीने वेळ घालवून शेवटी शेतकऱ्याचे ऐकून घ्यायलाच तेवढा वेळ नाही, हे चालत नाही, अशा अर्थाचा निकाल सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात जुन्या कायद्याखाली दिला होता. म्हणून पहिल्या ड्रोनची तारीख, पटवारी कधी आला, पंचायतीला पहिले पत्र कधी आले, हे सगळे आजच वहीत उतरवा. तातडी लावली गेली तर हीच वही कामाला येते.

आता कामाला लागू. धरण्याच्या आधी खसरा.

गावातल्या प्रत्येक घराने खसरा, बी-१ (खातेउतारा) आणि नक्शाची प्रमाणित प्रत काढावी. वारसाचा नामांतरणाचा अर्ज पडून असेल तर तो आत्ता निकाली काढून घ्यावा. कागदावर मेलेल्या आजोबांचे नाव आणि शेतात चार नातू, अशी स्थिती असली की नोटीस आजोबांच्या नावाने निघते आणि मोबदला अडकून पडतो. भावाभावांत वाटणी झाली असेल पण बंटवाऱ्याची नोंद नसेल तर तीही करून घ्या. कलम ११ ची अधिसूचना निघाली की त्या जमिनीचे व्यवहार कलेक्टरच्या परवानगीशिवाय बंद होतात. मग नोंदी दुरुस्त करणे दसपट अवघड होते.

गिरदावरी (पीकपाहणीची नोंद) वेगळी पाहा. हा मुद्दा सगळे सोडून देतात आणि तोच सर्वांत जड आहे. कलम १० म्हणते की सिंचनाखालची बहुपिकी जमीन अगदी अपवाद म्हणून, शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी आणि घेतली तर तेवढीच पडीक जमीन लागवडीखाली आणावी किंवा तिच्या किमतीएवढी रक्कम भरावी. रेल्वे, महामार्ग, कालवा, वीजवाहिनी अशा सरळ रेषेतल्या कामांना यातून सूट आहे, हवाई तळाला नाही. पण तुमची जमीन दुपिकी आहे हे ठरते कशावरून? तुमच्या सांगण्यावरून नव्हे. पटवाऱ्याने खरिपात ‘धान’ आणि रब्बीत ‘गेहूं’ लिहिले आहे की खरिपात ‘पडती’ टाकून मोकळा झाला आहे, त्यावरून. तीन वर्षांच्या नोंदी काढा. चूक असेल तर हंगाम उभा असतानाच तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. कापणी झाल्यावर शेतात दाखवायला काही उरत नाही.

तुमच्या घरी मोडीतली सनद असेल. ती जपा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. मध्य भारतात जागीर आणि जमीनदारी १९५१ च्या कायद्यांनी संपली आणि १९५९ च्या भू-राजस्व संहितेनंतर खसऱ्यात ‘भूमिस्वामी’ म्हणून ज्याचे नाव, तोच मालक. आपल्याकडची कित्येक मराठी कुटुंबे शिंदे सरकारच्या शिक्क्याचा कागद घेऊन कचेरीत उभी राहतात आणि बाबू नम्रपणे तो परत करतो. सनदेचा उपयोग फक्त एवढाच की जुन्या नोंदीतला दुवा तुटला असेल तर तो जोडायला ती पुरावा म्हणून लावता येते.

बटाईदाराला विसरू नका, आणि घाबरूही नका. कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त मालक नव्हे. संपादनापूर्वी तीन वर्षे ज्याची मुख्य उपजीविका त्या जमिनीवर होती असा बटाईदार, शेतमजूर, गावातला लोहार-सुतारही त्यात येतो. हरकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. मालकांना भीती असते की त्याचे नाव आले तर जमिनीवर हक्क सांगेल. त्यासाठी मध्य प्रदेशात २०१६ चा कायदा आहे. त्याखाली लेखी करार केला तर मालकी तुमची राहते आणि त्याचे हितही नोंदले जाते. त्याचे पुनर्वसनाचे पैसे तुमच्या मोबदल्यातून कापले जात नाहीत. दोघांनी मिळून दिलेली हरकत एकट्याने दिलेल्या हरकतीपेक्षा दुप्पट ऐकली जाते.

चरनोई (गायरान) आणि निस्ताराच्या (गावाच्या सामाईक वापराच्या) जमिनी सरकारी म्हणून नकाशात सर्वांत आधी ओढल्या जातात, कारण त्यांना मोबदला द्यावा लागत नाही. गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद) काढून त्यातले रस्ते, गुरांचे पाणी, स्मशान, खळे यांची यादी करा. धावपट्टी तीन किलोमीटरची सलग भिंतच असते. तिच्यापलीकडचे शेत दोनशे मीटरवर दिसत असले तरी तिथे पोहोचायला आठ-दहा किलोमीटरचा वळसा पडू शकतो. पर्यायी रस्त्याची मागणी सुनावणीत लिहून दिली नाही तर नंतर कोणी विचारत नाही. नाल्यांचेही तसेच. आडवा आलेला नाला कुठून वळवणार आणि पावसाळ्यात वरच्या बाजूच्या शेतांत पाणी किती तुंबणार, हे विचारा.

यानंतरचा भाग जरा सावकाश वाचा, कारण ज्यांची जमीन जात नाही त्यांच्यासाठी तो जास्त महत्त्वाचा आहे. गावे एकजूट करतात ती संपादनात जाणाऱ्या खसऱ्यांपुरती. आणि तळ झाल्यावर सर्वांत जास्त कुरकुर करतो तो शेजारचा माणूस, ज्याचा एक बिस्वाही (बिघ्याचा विसावा भाग) गेला नाही आणि म्हणून ज्याला एक रुपयाही मिळाला नाही.

धावपट्टीच्या दोन्ही टोकांना आकाशात एक फनेल, म्हणजे विमानांच्या चढ-उतारासाठी मोकळे ठेवायचे नरसाळे, असतो. आंतरराष्ट्रीय नागरी मापांनुसार मोठ्या धावपट्टीसाठी तो टोकापासून ६० मीटरवर सुमारे ३०० मीटर रुंदीने सुरू होतो आणि दोन्ही बाजूंना १५ टक्क्यांनी पसरत १५ किलोमीटरपर्यंत जातो. पहिल्या ३ किलोमीटरला चढ २ टक्के, पुढे २.५ टक्के, आणि उंची १५० मीटर झाली की सपाट. या पृष्ठभागाच्या वर काहीही डोके काढायचे नाही. लष्करी तळाची नेमकी मापे त्या-त्या तळाप्रमाणे ठरतात, पण पहिला अंदाज बांधायला ही पुरतात.

हिशोब करून पाहा. फनेल सुरू होतो तिथून ५०० मीटरवर परवानगी १० मीटर उंचीची. दुमजली घर आणि त्यावर पाण्याची टाकी एवढ्यात संपते. १ किलोमीटरवर २० मीटर, म्हणजे बांधावरची वाढलेली निलगिरी तिथे अडथळा ठरते. ४० मीटरच्या मोबाईल टॉवरला २ किलोमीटर दूर जावे लागते. ३ किलोमीटरवर ६० मीटर, आणि तिथे फनेलची रुंदी १२०० मीटर झालेली असते. ही उंची जमिनीपासून नव्हे, धावपट्टीच्या टोकाच्या पातळीपासून मोजतात. तुमचे गाव आठ मीटरच्या टेकाडावर असेल तर प्रत्येक आकड्यातून आठ वजा करा. टेकाडावरच्या वस्तीला हा फटका सर्वांत आधी बसतो आणि सर्वांत उशिरा कळतो.

हे कागदावर काढायला इंजिनिअर लागत नाही. गावच्या १:४००० नक्शावर ३ किलोमीटर म्हणजे ७५ सेंमी, तो पुरणार नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात १ सेंमी म्हणजे ५०० मीटर. प्रस्तावित मध्यरेषा दोन्ही बाजूंना वाढवा, ६ सेंमीवर दोन्हीकडे १.२ सेंमी खूण करा, ३० सेंमीवर ४.८. झाला फनेल. दिशा कळत नसेल तर धावपट्टीच्या क्रमांकावरून काढता येते. ग्वाल्हेरच्या महाराजपुरा हवाई तळाची धावपट्टी ०६-२४ आहे, म्हणजे एका बाजूने ६० अंशांकडे तोंड, उलट बाजूने २४० अंशांकडे. नवी धावपट्टीही इथल्या वाऱ्यालाच धरून आखतील, म्हणून साधारण त्या दिशेचा कच्चा अंदाज ठेवायला हरकत नाही. पण हरकतीत आकडा लिहाल तो प्रस्तावाच्या नकाशावरूनच लिहा.

फनेलशिवाय आणखी तीन गोष्टी. तळाच्या हद्दीभोवती १९०३ च्या संरक्षण कामांच्या कायद्याखाली बांधकामबंदीचा पट्टा जाहीर होऊ शकतो. गुरुग्राममध्ये हवाई दलाच्या दारूगोळा कोठाराभोवतीची ९०० मीटरची बंदी आणि त्यात अडकलेल्या वस्त्या हे प्रकरण वर्षानुवर्षे गाजते आहे. म्हणून सुनावणीत ‘कोठार कुठे’ असे विचारू नका, त्याला उत्तर मिळणार नाही आणि मिळूही नये. ‘बांधकामबंदीचा पट्टा आमच्या आबादीवर (गावठाणावर) येणार का, आणि आल्यास या कायद्याखालची भरपाई कधी’ असे विचारा. दुसरे, विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकणे आणि जनावरे कापणे-सोलणे याला पूर्वीपासून मनाई आहे, कारण घारी-गिधाडे जमतात. मेलेली गुरे टाकायची गावची जागा, कोंबडीचे दुकान, बाजाराचा उकिरडा, सगळे यात येते. तिसरे, उंच बांधकामाला ना-हरकत प्रमाणपत्र. हे जाळे २० किलोमीटरपर्यंत पसरते.

पक्ष्यांवरून आठवले: हरकतींमध्ये हवाई दलाला स्वतःला सर्वांत लवकर पटणारा मुद्दा हाच. गावाजवळ तलाव असेल, हिवाळ्यात बदके-हंस उतरत असतील, धानाच्या शेतात सारस असतील, तर महिनावार, वेळ लिहून, मोजणी ठेवा. पक्षी धडकून लढाऊ विमानाचे इंजिन जाते हे त्यांना तुम्ही सांगायची गरज नाही, फक्त पक्षी कुठून कुठे जातात ते सांगायचे.

आवाजाचा मुद्दा लोक तावातावाने मांडतात आणि पुराव्याशिवाय. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शाळा-दवाखान्याभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४० ही मर्यादा आहे. तळ व्हायच्या आधीची पातळी मोजलेली नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार? शाळेत, दवाखान्यात आणि आबादीच्या दोन टोकांना पूर्ण चोवीस तास प्रमाणित यंत्राने मोजणी करून घ्या. मोबाईलमधले ॲप पुरावा नव्हे. आणि सुनावणीत शाळेच्या वर्गांना ध्वनिरोधक खिडक्या आणि परीक्षेच्या दिवसांत उड्डाणाच्या वेळा या दोन मागण्या लेखी द्या.

‘बीहडात का नाही करत?’ हा प्रश्न तुमच्या पंचायतीतही आला असेल. चंबळच्या खोऱ्यातली पडीक जमीन सुचवणे सोपे आहे. पण धावपट्टीचा सरासरी उतार १ टक्क्याच्या आत ठेवावा लागतो. लढाऊ विमानांसाठी साधारण ९,००० फूट, म्हणजे पावणेतीन किलोमीटर धरली तर दोन्ही टोकांत २७ मीटरहून जास्त फरक चालत नाही, आणि मधे खड्डे-टेकाडे तर नाहीतच. बीहड सपाट करायला लागणारी माती आणि नंतर तिचे खचणे पाहून पहिल्याच बैठकीत ती सूचना बाद होते आणि तुमच्या बाकीच्या मुद्द्यांचाही भाव उतरतो. पर्याय सुचवायचाच तर समोच्च रेषा पाहून, खसऱ्यासह सुचवा. बहुतेक वेळा पूर्ण दुसरी जागा सुचवण्यापेक्षा रेघ सरकवणे, निवासी वसाहत पडीक जमिनीवर नेणे, क्षेत्र कमी करणे हे जास्त टिकते. कायद्याच्या कलम ४ मध्येच अभ्यासाने दोन गोष्टी तपासाव्यात असे आहे: मागितलेले क्षेत्र अगदी कमीत कमी आहे का, आणि पर्यायी जागा पाहून ती अव्यवहार्य ठरली का. या दोन प्रश्नांची उत्तरे अहवालात नसतील तर हरकतीचे पहिले वाक्य तिथूनच सुरू करा.

माहिती अधिकाराचा अर्ज संरक्षण मंत्रालयाकडे पाठवला तर कलम ८(१)(क) चे (देशाच्या सुरक्षेची माहिती देता येत नाही असे) उत्तर येईल आणि महिना जाईल. तो कलेक्टर कार्यालयात द्या. दहा रुपये, तीस दिवस. मागा काय? जागा निवडीचा पत्रव्यवहार, पाहिलेल्या पर्यायी गावांची नावे, प्रस्तावित खसऱ्यांची यादी, सामाजिक अभ्यास कोणाला दिला आणि त्याच्या अटी. विमाने किती आणि कोणती, हे विचारण्यात काही हशील नाही. आणि तरुण मंडळींना समज द्या: मोजणी चालू असताना ड्रोन उडवू नका, सध्याच्या तळाचे फोटो काढू नका. त्यातून गुन्हा दाखल होतो आणि मूळ विषय मागे पडतो. मोजणी अडवूही नका. कलम १२ प्रमाणे मालक किंवा त्याने लेखी नेमलेला माणूस हजर नसताना, साठ दिवसांची पूर्वसूचना दिल्याशिवाय, मोजणी करता येत नाही. तेव्हा हजर राहा, विहीर, बोअर, पाइपलाइन, प्रत्येक झाड पंचनाम्यात लिहायला लावा, नुकसान झाले तर कलम १३ ने तिथेच मागा.

कलम ११ ची अधिसूचना निघाल्यापासून ६० दिवस. ती राजपत्रात, दोन वृत्तपत्रांत, पंचायतीत, तहसीलीत वेगवेगळ्या दिवशी लागते. तुम्ही सर्वांत आधीच्या तारखेपासून मोजा. गावाच्या नावाने एकच सामाईक निवेदन, खाली दोनशे अंगठे, हा प्रकार टाळा. कलेक्टरने प्रत्येक हरकतदाराला ऐकायचे असते. एक निवेदन म्हणजे एक सुनावणी, दोनशे हरकती म्हणजे दोनशे. प्रत्येकाची एक पानाची, त्याच्या खसऱ्याची. हिंदीतच लिहा, मसुदा साधारण असा:

‘खसरा क्रमांक अमुक, रकबा अमुक हेक्टर, मी भूमिस्वामी. जमीन कालव्याच्या सिंचनाखाली असून मागील तीन वर्षांच्या गिरदावरीत दोन पिके नोंद आहेत (प्रत जोडली). कलम १० खाली हिची गरज शेवटचा उपाय म्हणून कशी ठरली हे अहवालात नाही. धावपट्टीच्या पूर्वेकडील शासकीय खसरे अमुक-अमुक उपलब्ध असताना ते का वगळले याचे कारण नाही. विहीर खसरा अमुकमध्ये राहते व शेत त्यापासून तुटते, याचा विचार केलेला नाही. मला प्रत्यक्ष सुनावणी हवी.’

एवढेच. भावना सुनावणीत तोंडी मांडा, कागदावर खसरा मांडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

धरणे करू नका असे मी म्हणत नाही. ओडिशात बालियापालला १९८० च्या दशकात क्षेपणास्त्र चाचणीतळाविरुद्ध लोकांनी शंख-थाळ्या वाजवून एकमेकांना सावध केले, रस्ते अडवले आणि तो तळ तिथे झाला नाही. झारखंडमधल्या नेतरहाटच्या गोळीबार क्षेत्राची अधिसूचना १९९० च्या दशकापासून चाललेल्या विरोधानंतर २०२२ मध्ये वाढवली गेली नाही. तोक्योजवळ सुनागावात अमेरिकी तळाची धावपट्टी वाढवण्याचा बेत १९५५ मध्ये पुढे आला, तो रद्द व्हायला १९६८ उजाडले. पण वर्षे मोजा. त्या काळात जमिनीवर बँक कर्ज देताना बिचकते, गिऱ्हाईक येत नाही, मुले शहरात निघून जातात. ज्याचे पोट फक्त त्या शेतावर आहे त्याला तेरा वर्षे लढा म्हणणे लष्करात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सोपे आहे. म्हणून किती ताणायचे हे गावात राहणाऱ्यांनी ठरवावे, मतदान करून.

मोबदल्याचे थोडक्यात, कारण त्यावर पुढे स्वतंत्र बोलता येईल. दर ठरतो तो गाइडलाइन (मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला जमिनीचा दर) आणि जवळच्या गावांतल्या मागच्या तीन वर्षांच्या रजिस्ट्र्यांपैकी वरच्या निम्म्यांची सरासरी यांतला जो जास्त असेल तो. मुद्रांक वाचवायला सगळ्यांनी गाइडलाइनलाच रजिस्ट्री केलेली असेल तर ती चतुराई इथे उलटते. समजा सरासरी २० लाख रुपये हेक्टर, विहीर-झाडे ३ लाख. ग्रामीण गुणक राज्य १ ते २ मध्ये ठरवते. मध्य प्रदेशात तो २०१४ पासून बराच काळ १ होता, अधिसूचनेच्या दिवशीचा पाहा. गुणक १ धरून २३ लाख, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम म्हणजे ४६, आणि २० लाखांवर वर्षाला १२ टक्के, दीड वर्ष लागले तर ३.६. एकूण ४९.६ लाख. गुणक २ असता तर हाच आकडा ८९.६ होतो. म्हणून गाइडलाइनवर भांडण्याआधी गुणकावर भांडा. शेत तुटल्याचे नुकसान कलम २८ खाली वेगळे मागा. घराचा काही भागच जात असेल तर पूर्ण घर घ्या असे कलम ९४ खाली म्हणता येते. आपसी सहमतीने खरेदीचा कागद पुढे आला तर दोन दिवस मागून घ्या. त्यावर सही झाली की वाढीव मोबदल्याचा रस्ता सहसा बंद होतो. निवाड्याचे पैसे उचलताना पावतीवर ‘आपत्ति सहित’ लिहा. ते लिहिले नाही तर कलम ६४ खाली वाढीव मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या अर्जाला सहाच आठवडे.

राहिली काकांची माफीची जमीन. हे कटू आहे, पण आत्ता कळलेले बरे. सप्टेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशच्याच प्रकरणात स्पष्ट केले की देवस्थानच्या जमिनीचा मालक देव, पुजारी भूमिस्वामी नाही, त्याचे नाव मालकीच्या रकान्यात लागत नाही. म्हणजे जमिनीचा मोबदला काकांच्या खात्यात येणार नाही, तो देवाच्या नावे जमा होईल. मात्र त्या जमिनीवर त्यांची उपजीविका तीन वर्षांहून जास्त काळ चालत असेल तर बाधित कुटुंब म्हणून एकरकमी ५ लाख रुपये (किंवा नोकरी, किंवा वीस वर्षे महिना २,००० रुपये), आणि गाव सोडावे लागले तर वर्षभराचा महिना ३,००० रुपये निर्वाह भत्ता व ५०,००० रुपये वाहतूक खर्च, यावर दावा सांगता येतो. त्यासाठी पूजेची नेमणूक, पीकविम्याच्या किंवा सोसायटीतल्या खतखरेदीच्या पावत्या, मंडीतल्या विक्रीच्या चिठ्ठ्या, असे तीन वर्षांचे काहीतरी काकांच्या नावाचे हवे. देव्हाऱ्याखालच्या पेटीत या चिठ्ठ्या बहुधा असतातच. दिवाळीच्या साफसफाईत फेकायच्या आधी त्या काढून घ्या.